चपलांच्या रॅकखालची फरशी

त्या शुक्रवारी सकाळी माझी निळी बॅग जिन्याखाली भरून ठेवलेली होती. भरली होती माझ्या लेकीनं, निशिगंधानं. आदल्या संध्याकाळी ती एश्बॉर्नच्या तिच्या घरून आली, चहाचा कप हातात घेतला, तो तसाच निवू दिला आणि माझ्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली. चार सुती साड्या, दोन स्वेटर, गुडघ्यांचे पट्टे, रक्तदाबाच्या गोळ्या, माझ्या नवऱ्याचा, श्रीधरचा, लहान फोटो. फोटो तिनं स्वेटरच्या घडीत नीट गुंडाळून ठेवला, तेव्हा मला कळलं की ही बॅग आठ दिवसांची नाही.

ठरलं होतं ते असं. शुक्रवारी दहा वाजता जिल्ह्याच्या कचेरीतून फ्राऊ लिंडनर येणार. जुन्या इमारतींचं जतन बघणारं जे खातं असतं, डेंकमालशुत्झ, त्यातल्या या बाई. आमच्या घराच्या एका भिंतीत दार पाडायला त्यांनी परवानगी दिली तर बॅग रिकामी करायची. नाही दिली तर रविवारी दुपारी मी लेकीबरोबर एश्बॉर्नला जायचं, चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या घरात. पहिल्या अर्जाला त्यांचा नकार आला होता. ही दुसरी भेट, आणि माझ्या मुलाच्या, हृषिकेशच्या, म्हणण्याप्रमाणे शेवटची.

दार हवं होतं न्हाणीघरासाठी. जानेवारीत मी जिन्यावरून पडले, मनगट मोडलं. आमचा जिना धान्याची पोती माळ्यावर चढवणाऱ्या शेतकऱ्यांनी बांधलेला. उभा, अरुंद, तेरा पायऱ्यांचा. बाथरूम वर. खाली पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट असलेली जागा एकच, भिंतीपलीकडचा जुना गोठा. पण गोठ्यात जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडून अंगणाला अर्धा वळसा घालायचा. मे महिन्यात ठीक आहे. इथल्या बर्फात सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं ते करायचं नाही, यावर मात्र माझ्या दोन्ही मुलांचं एकमत होतं. मधली भिंत सत्तर सेंटिमीटर जाडीची, दगडी, अखंड. अखंड आहे म्हणूनच तिला हात लावता येणार नाही, असं पहिल्या पत्रात होतं.

भिंती इतक्या जाड का, हे मला श्रीधरनी १९७२च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. तेव्हा हे घर आमचं नव्हतं. इंगोलश्टाटला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या होत्या, लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला जर्मनचे चाळीस शब्द येत होते. एका रविवारी आम्ही गाडीनं आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात गेलो. गावात शिरलो आणि श्रीधर रस्त्याच्या मधोमध थांबले. पांढरी, बसकी, रुंद घरं. बाकी जर्मनीत असतात तशी उंच टोकदार लाल छपरं नाहीत. इथली छपरं जवळजवळ आडवी, आणि तीही दगडाची.

"मनोरमा, बघ," ते म्हणाले, "यांनी शहाबादी फरशी छपरावर घातलीय."

ते सोलापूरचे. माळवदाच्या घरात वाढलेले. तीन वर्षं उताराची छपरं बघून त्यांचे डोळे शिणले होते, असं ते म्हणायचे. एका म्हाताऱ्या छपरवाल्याला त्यांनी तिथंच गाठलं आणि तासभर प्रश्न विचारले. या भागातल्या खाणींतला चुनखडीचा दगड पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो. ती पानं छपरावर एकावर एक पाच-सहा थरांत नुसती मांडायची. खिळा नाही, चुना नाही. आपल्या वजनानं ती जागच्या जागी बसतात. उतार जास्त दिला तर घसरतील, म्हणून छप्पर बसकं. बसकं छप्पर म्हणून घर रुंद. इतकं वजन पेलायचं म्हणून भिंती जाड, आणि जाड भिंतीत मोठी खिडकी परवडत नाही म्हणून खिडक्या लहान. "छपरानं सगळं घर ठरवलंय," ते परतीच्या गाडीत दोनदा म्हणाले. पुढे चौतीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर त्यांनी तसलं घर घेतलं. सहासष्टाव्या वर्षी छपरावर चढून फुटलेल्या लाद्या बदलायचे, आणि खाली शिडी धरून हृषिकेश उभा. पाच वर्षांपूर्वी ते गेले. मग हृषिकेश, त्याची बायको ऊर्मिला आणि लेक सुकन्या इंगोलश्टाटचा फ्लॅट सोडून इथं राहायला आली.

त्या सकाळी हृषिकेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टेबलावर लॅपटॉप उघडून घराचं चित्र गोल गोल फिरवत होता. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. सगळं घर त्यानं लेझरनं मोजून त्यात भरलं होतं. भिंतीत लाल रेघांनी दार काढलं होतं, वर लोखंडी तुळई, तिच्यावर किती भार येईल त्याचे आकडे.

"हेच तू मागच्या वेळी दाखवलं होतंस ना?" निशिगंधानं विचारलं.

"तेव्हा तुळईचं गणित नव्हतं."

"त्यांनी गणित मागितलं नव्हतं, हृषी. भिंत तोडू नका म्हणाल्या होत्या."

मी थालीपीठं लावत होते. दोघं भांडतात तेव्हा लहानपणापासून मराठीत सुरू करतात आणि चिडले की जर्मनवर जातात. अजून मराठीत होते, म्हणून मी काळजी केली नाही. निशिगंधाचं म्हणणं सरळ होतं. घर सुंदर आहे, बाबांचं आहे, पण दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी बांधलं त्यांच्यात सत्त्याहत्तर वर्षांची बाई नव्हती. तिच्या घरापासून डॉक्टर पाच मिनिटांवर, खाली दुकान, लिफ्ट. कपिलची खोली रिकामीच आहे.

खोली रिकामी आहे हे ती फार पटकन बोलून गेली. कपिल, तिचा मुलगा, मागच्या ऑक्टोबरात येना शहरात शिकायला गेला. तिचा नवरा जयंत आणि ती वेगळे झाले त्याला सहा वर्षं झाली. त्या खोलीला तिनं नवे पडदे शिवून लावले होते, माझ्या आवडीच्या गर्द हिरव्या रंगाचे, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला फोनवर कपिलनं सांगितलं.

सुकन्या दारात उभी राहून पाव खात होती. सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं विचारलं, आजीला कुणी विचारलंय का.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थालीपीठ उलटलं. मला इथंच राहायचं होतं, हे त्या घरातल्या शू-रॅकलासुद्धा ठाऊक होतं. पण मी ते बोलले असते तर त्याचं ओझं ऊर्मिलेवर पडलं असतं, आणि तिच्या मनात काय आहे हे मला जानेवारीपासून नीट कळत नव्हतं.

"आईला इथं काही त्रास नाही," हृषिकेश म्हणाला. "ऊर्मिला घरीच असते. होम ऑफिस आहे तिचं. आल्झो, म्हणजे कुणीतरी असतंच."

ऊर्मिलेनं कप खाली ठेवला. लातूरची मुलगी. आवाज कधी चढवत नाही, म्हणून ती बोलायला लागली की बाकीचे थांबतात.

"अहो, ताईंना मीच फोन केला होता," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. आईंना तुमच्याकडे घेऊन जा म्हणून."

हृषिकेशनं लॅपटॉप मिटला नाही, पण चित्र फिरायचं थांबलं.

"आई पडल्या तेव्हा मी वरच होते," ती म्हणाली. "कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. वीस मिनिटं त्या पायरीवर बसून मला हाका मारत होत्या. मला ऐकू आलं नाही. मी घरी असते म्हणजे काय असते?"

मी तिला कधी वीस मिनिटं सांगितलं नव्हतं. पाच म्हटलं होतं. तिनं मीटिंगच्या वेळेवरून हिशेब काढला होता, आणि तो चार महिने मनात घेऊन रोज माझं मनगट गरम पाण्यानं शेकत होती. आणि मी समजत होते की तिला माझा कंटाळा आला आहे.

हृषिकेश उठून अंगणात गेला. नंतर त्यानं मला सांगितलं की त्याला ऊर्मिलेचा राग आला नव्हता. फेब्रुवारीपासून आपल्याला कुणी काही सांगितलं नाही याचंही त्याला फारसं वाटलं नाही. तो छपराकडे बघत उभा होता आणि त्याच्या मनात आलं, आई गेली की हे नुसतं जतन केलेलं घर उरेल. असलं काही तो आम्हाला तोंडावर बोलणारा नाही. बिजागऱ्या करणारा माणूस.

सुकन्याही सायकलकडे गेली. आत आम्ही तिघी. निशिगंधा ऊर्मिलेच्या शेजारी बसली. काहीतरी काम काढावं म्हणून मी ऊर्मिलेला म्हटलं, ताईसाठी एका बरणीत हळद भर. तिच्याकडच्या दुकानातली हळद म्हणजे पिवळी माती. आपली सांगलीची आहे, तुझ्या मावशीकडून आलेली.

हळदीचा डबा पुढच्या बोळातल्या कपाटात असतो. तो बोळ म्हणजे आमच्या घराचा कणा. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ जातो, डाव्या हाताला माझी खोली आणि स्वयंपाकघर, उजव्या हाताला ती जाड भिंत. उन्हाळ्यातही गार, दिवसाही थोडा अंधारा. खाली मोठमोठ्या फिकट लाद्या, छपरावरच्याच दगडाच्या, पण जाड. काहींवर नेच्यासारखी काळी नक्षी आहे. ती पानं नव्हेत, दगडातच उमटलेली खनिजं आहेत, हे सुकन्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगते. त्या लाद्यांवर बादलीनं पाणी ओतायचं नाही, हा या घरातला पहिला नियम. खाली नुसती वाळू आहे, भिंती पाणी ओढून घेतात. ओलं फडकं पिळून फिरवायचं, बस. सगळा जन्म फरशीवर बादल्या ओतून खराट्यानं पाणी ढकलण्यात गेलेल्या बाईला हे किती जड जातं ते मी सांगत नाही. एकोणीस वर्षं मी तो नियम पाळला होता.

आधी झाकणाचा आवाज आला, मग डब्याचा. आम्ही धावत गेलो तर ऊर्मिला बोळाच्या मध्ये उभी, आणि तिच्या पायापासून भिंतीपर्यंत अर्धा किलो हळद. पांढऱ्या दगडावर.

घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"फडकं आणा," निशिगंधा म्हणाली. फडकं आणलं, पिळून फिरवलं. जिथं पूड होती तिथं लेप झाला. दोन लाद्यांचं होतं ते चार लाद्यांवर गेलं. ऊर्मिला लिंबू आणायला वळली, तिला मी थांबवलं. लिंबानं डाग जाईल आणि त्याच्याबरोबर दगडही जाईल, चुनखडी आहे. एकदा लोणच्याचा खार सांडला होता, तिथं अजून बोटभर खरखरीत आहे.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, "बादली."

"आई, हृषी—"

"तो बाहेर आहे."

आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आम्ही चोरांसारख्या कामाला लागलो. मी पदर खोचला. ऊर्मिलेनं दोन बादल्या भरल्या. निशिगंधानं मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अंगणातला खराटा घेऊन आली. बावन्न वर्षांची बाई, हाताखाली तीस माणसं, आणि खराटा असा धरला होता जसा ती दहा वर्षांची असताना सोलापूरला सुट्टीत आजीकडे धरायची. त्या वेळी फरशी धुवायची पाळी यावी म्हणून ती चुलत बहिणींशी भांडायची. चपलांचा रॅक आधी हलवायला हवा होता. तो भिंतीला लागून, बरोबर हळदीच्या वाटेत. श्रीधर होते तेव्हापासून तो तिथंच होता, आणि त्याचा एक पाय कायम डुगडुगायचा, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. ऊर्मिला आणि निशिगंधानं तो उचलून जिन्याखाली माझ्या बॅगेशेजारी ठेवला. मी पहिली बादली ओतली.

काय सुख होतं ते. पाण्याचा तो आवाजच मी किती वर्षांत ऐकला नव्हता. निशिगंधा खराट्यानं पाणी पुढच्या दाराकडे ढकलत होती आणि हसत होती, ऊर्मिला मागून दुसरी बादली घेऊन, "ताई, पाय बघा," असं म्हणत तीही हसायला लागली. जानेवारीनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण पाणी दाराकडे जाईना.

निशिगंधानं ढकललं की ते चार हात जायचं, आणि वळायचं. पिवळाजर्द ओघळ लाद्यांच्या सांध्यांतून फिरून उजवीकडे भिंतीशी, जिथं रॅक होता तिथं जमायचा. तिथं लादीत एक खळगा होता. परातीसारखा उथळ, गुळगुळीत, भिंतीला टेकून अर्धा कापल्यासारखा. त्यात पाणी भरायचं आणि मग हळूहळू कमी व्हायचं. दुसरी बादली ओतली, तीही तिथंच गेली.

"भिंत पाणी पितेय," ऊर्मिला म्हणाली, आणि तिचं हसू गेलं.

तेवढ्यात हृषिकेश आत आला. आधी बादली पाहिली, मग माझा खोचलेला पदर. "आई," एवढंच म्हणाला. त्या एका शब्दात एकोणीस वर्षांचा नियम होता. निशिगंधानं खराटा मागे लपवला.

त्याच वेळी भिंतीपलीकडून, गोठ्यातून सुकन्याची हाक आली. ती तिथं सायकलला हवा भरत होती. तिनं ओरडून सांगितलं की भिंतीच्या खालून पिवळं काहीतरी बाहेर येतंय, आणि ते तिच्या चाकाखाली गेलंय, आणि घरात नक्की काय चाललंय.

हृषिकेश गुडघ्यावर बसला. इस्त्रीच्या पँटसकट, त्या पाण्यात. बोटं खळग्यात घातली आणि भिंतीच्या कडेनं फिरवली. "सत्तर सेंटिमीटर," तो पुटपुटला. "सत्तर सेंटिमीटर दगडातून एका मिनिटात पाणी पलीकडे जात नाही." मग म्हणाला, "आम्ही फॅक्टरीत गळती शोधायला असंच रंगीत पाणी सोडतो." त्याचा आवाज बदलला होता. "आई, आणखी हळद आहे?"

"डब्यात तळाला आहे थोडी."

मी ती सगळी टाकली. सुकन्या पलीकडे कोळशानं जमिनीवर खुणा करत होती आणि मोठ्यानं आकडे सांगत होती. इथून सुरू, इथं संपलं. नव्वद सेंटिमीटर. त्याच्या बाजूला कोरडं.

मी खळग्याकडे बघत होते. कुणाला न विचारता मी चप्पल काढली आणि त्यात पाऊल ठेवलं. टाच बरोबर बसली. सोलापूरच्या घराच्या उंबऱ्याआतली शहाबादी अशीच झिजलेली होती, माझ्या सासूच्या आणि तिच्या सासूच्या पावलांनी. दगडाला असा खळगा पाडायला पाणी पुरत नाही. माणसं लागतात, रोज, त्याच जागी पाय टाकणारी.

"हृषी," मी म्हटलं, "इथं दार होतं."

त्यानं मान वर केली. निशिगंधा खराट्यावर रेलून उभी होती. ती म्हणाली, "लेझरनं सगळं घर मोजलंस, आणि चपला हलवल्या नाहीस."

"पुठ्ठा बाबांनी लावला होता," तो म्हणाला. "गेनाऊ, बरोबर, बाबांनीसुद्धा रॅक हलवला नाही."

दारावरची घंटा दहाच्या ठोक्याला वाजली.

फ्राऊ लिंडनर पन्नाशीच्या, उंच, पायात जाड तळाचे बूट. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि थांबल्या. समोर ओला पिवळा बोळ, अनवाणी तीन बायका, एकीच्या हातात खराटा, गुडघ्यापर्यंत भिजलेला अर्जदार. हृषिकेशनं तुळईच्या गणिताबद्दल काही म्हणायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि लाद्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे.

उत्तर मी दिलं. म्हटलं, "कुर्कुमा." हळदच ती. मग माझ्या जुन्या, पन्नास वर्षं घासलेल्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. डबा सांडला, मी बादली ओतली, नियम मोडला तो मी, मुलांनी नाही. आणि मग मी त्यांचा हात धरला. असं इथं करत नाहीत, पण धरला, आणि त्यांना खळग्यापाशी नेलं.

त्यांनी हातमोजा काढला. खळग्यावरून तळवा फिरवला, एकदा, मग परत उलटा. उठून गोठ्यात गेल्या, सुकन्याच्या खुणा पाहिल्या, परत आल्या. पिशवीतून लहानशी हातोडी काढून भिंत ठोकत गेल्या. दगड, दगड, दगड, आणि मग आवाज उथळ झाला, मग पुन्हा दगड. मी ऊर्मिलेच्या दंडाला धरून उभी होते, की ती माझ्या, ते आता आठवत नाही.

त्यांनी परवानगी विचारून तळहाताएवढा गिलावा खरवडला. आत विटा. विटांच्या कडेला सरळ उभी रेघ, आणि रेघेपलीकडे घडवलेला दगड, चौकटीचा.

मग त्या बोलल्या, बराच वेळ, आणि पत्रातल्यापेक्षा अगदी वेगळ्या आवाजात. या भागातल्या घरात माणसं आणि गुरं एका छपराखाली राहत. थंडीत बाहेर न पडता धारा काढता याव्यात म्हणून बोळातून गोठ्यात दार असायचंच. इथं ते का नाही, हा प्रश्न त्यांना पहिल्या भेटीतच पडला होता, पण कागदांत काही सापडलं नव्हतं. कधीतरी गुरं गेली, कुणीतरी दार विटांनी भरलं, उंबऱ्याच्या दगडावर तसंच, पाया न घालता. म्हणून पाण्याला वाट मिळाली. नवीन दार पाडायला माझं उत्तर आजही नाहीच असतं, त्या म्हणाल्या. पण असलेलं दार पुन्हा उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. तो अर्ज करा. मी शिफारस लिहीन.

"आणि तुळई?" हृषिकेशनं विचारलं.

"वर दगडी तुळई असणार. दोनशे वर्षं तिनं भार पेललाय. तुमच्या गणिताची तिला गरज पडणार नाही."

निशिगंधा मोठ्यानं हसली, आणि मग तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मी तिच्याकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण डोळे भिंतीकडे नव्हते, जिन्याखालच्या निळ्या बॅगेकडे होते.

फ्राऊ लिंडनरनी थालीपीठ खाल्लं, दुसरंही घेतलं. जाताना बजावलं की डागाला लिंबू, व्हिनेगर, काही लावायचं नाही, घासायचं नाही. आणि बादली पुन्हा नको, हेही सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

काम लगेच होणार नव्हतं. मंजुरीचं पत्र यायला तीन-चार आठवडे. जुन्या चुन्यात काम करणारा गवंडी या खोऱ्यात एकच, त्याला जुलैशिवाय वेळ नाही. मग विटा काढायच्या, गोठ्यात न्हाणीघर करायचं, धूळ, आवाज. हृषिकेश हे सगळं नव्या कागदावर लिहीत होता. ऊर्मिला माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, दार झालं की माझं टेबल मी खाली आणणार आहे. स्वयंपाकघरात. हेडफोन एका कानाला." मी तिला सांगितलं की दोन्ही कानांना लाव, मी बादली वाजवीन. त्यावर ती म्हणाली, तुमची बादली आता कुलपात.

दुपारी सगळे जेवायला बसले आणि निशिगंधा बोळात एकटी उभी दिसली. मी गेले. लाद्या वाळल्या होत्या. बाकी सगळीकडचा रंग फिकट होऊन गेला होता, पण खळग्यातला नाही. तिथं दगडानं हळद धरून ठेवली होती. सणाच्या दिवशी उंबऱ्याला बोटांनी लावतो तशी, फक्त अर्धी, भिंतीशी कापलेली.

निशिगंधा त्या जागी उकिडवी बसली होती.

"पडदे हिरवे लावलेस म्हणे," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "कपिलच्या पोटात काही राहत नाही."

"रविवारी किती वाजता निघायचं?"

"आई, उगीच माझ्यासाठी म्हणून नको. तुला इथं राहायचंय, मिळालंय. मला आनंद झालाय, खरंच."

"धुळीत बसून काय करू? गवंडी जुलैत येणार." मी जिन्यापाशी गेले. चपलांच्या रॅकशेजारी बॅग तशीच होती. तिचा पट्टा मी निशिगंधाच्या हातात दिला. "त्यात तुझ्या वडिलांचा फोटो आहे. काचेचा आहे, जपून."

तिनं बॅग घेतली, पण ती लगेच उचलली नाही. खळग्याकडे बघत राहिली.

"ही हळद किती दिवसांत उडेल गं?"

"ऊन लागलं तर आठ दिवसांत."

"या बोळात ऊन कुठलं?"

भिंतीपलीकडे गोठ्याला पूर्वेच्या दोन खिडक्या आहेत. तिथं सकाळी सुकन्याची सायकल चमकताना मी रोज अंगणातून बघते.

"दार उघडलं की येईल," मी म्हटलं.

"मग तोवर माझ्याकडे," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गाडीत ठेवायला निघाली.